एकाने सांगावे, गावाने ऐकावे

देवळाचा गाभारा देवासाठी असतो आणि सभामंडप माणसांसाठी. गाभाऱ्यात चार माणसे उभी राहिली तरी दाटी होते. सभामंडपात सारा गाव बसतो. म्हणूनच जीर्णोद्धाराचे काम निघाले की शिखर किती उंच व्हावे याची जशी चर्चा होते, तशीच मंडप किती रुंद व्हावा याचीही होते. काकड आरती, पारायण, हरिनाम सप्ताह, उत्सवातील कीर्तने, काल्याचा प्रसाद हे सारे या मंडपातच होते. यांपैकी बहुतेक प्रसंगी एक दृश्य ठरलेले असते. एक माणूस उभा असतो आणि शेकडो माणसे मांडी घालून बसलेली असतात. उभा असलेला बोलतो, गातो, हसवतो, रडवतो, बसलेले ऐकतात.

एकट्याने उभे राहून अनेकांना बांधून ठेवण्याची ही कला आपल्याकडे अनेक रूपांनी नांदली. कीर्तनकार, गोंधळी, भारुडकार, शाहीर, बैठकीचा गवई आणि अलीकडच्या काळातील एकपात्री नट या सर्वांचे काम वरवर पाहता एकच आहे. परंतु जवळून पाहिले म्हणजे प्रत्येकाची तऱ्हा निराळी दिसते. ती ओळखण्यासाठी दोनच प्रश्न पुरेसे आहेत. या एकट्याच्या पाठीशी कोण उभे आहे? आणि समोर बसलेल्यांनी काय करावयाचे आहे? या दोन प्रश्नांच्या उत्तरांत या कलांचा बराचसा इतिहास साठवलेला आहे. त्या इतिहासाची साक्ष काढण्यासाठी सोलापूर जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागत नाही. पंढरपूर, मंगळवेढे, बार्शी आणि खुद्द सोलापूर शहर यांनी या कलांना फार मोठी माणसे दिली आहेत.

वाळवंटातील उभे कीर्तन

कीर्तनाची परंपरा देवर्षी नारदांपासून सांगितली जाते. कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो तिला आजही नारदाची गादी म्हणतात. तिच्यावर उभा असलेला मनुष्य वयाने लहान असला तरी वडीलधारे त्याच्या पाया पडतात. तो मान त्या जागेचा असतो. महाराष्ट्रात कीर्तनाला लोकांच्या अंगणात आणले ते श्री नामदेव महाराजांनी (१२७० ते १३५०). त्यांच्या कीर्तनाचे ठिकाण म्हणून परंपरा चंद्रभागेच्या वाळवंटाचे नाव घेते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वाळवंटाला भिंत नाही, दार नाही, उंबरठा नाही. ज्याला ऐकावेसे वाटेल त्याने यावे आणि वाळूत बसावे.

त्याच काळातले श्री चोखामेळा मंगळवेढ्याचे. जातीमुळे त्यांना पंढरीच्या देवळात प्रवेश नव्हता. देवळाबाहेर उभे राहून त्यांनी अभंग रचले. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता कूस कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेव महाराजांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली असे परंपरा सांगते. पुढे शतकानुशतके कीर्तनकार देवळाच्या मंडपात उभे राहून चोखोबांचे अभंग प्रमाण म्हणून गात राहिले. म्हणजे चोखोबांचा शब्द मंडपात पोहोचला, परंतु त्यांच्या समाजाची माणसे बाहेरच राहिली. एकट्याच्या कलेचा विचार करताना हा सल विसरून चालत नाही. त्याचा धागा पुढे पुन्हा येईल.

नारदीय आणि वारकरी

आज महाराष्ट्रात कीर्तनाच्या दोन मोठ्या पद्धती दिसतात. नारदीय कीर्तनात कीर्तनकार खऱ्या अर्थाने एकटा असतो. पेटी व तबला यांची साथ असते, हाती झांज किंवा चिपळ्या असतात. परंतु सारा भार त्याच्यावरच. पूर्वरंगात तो एखादे पद घेऊन त्याचे निरूपण करतो. मध्ये नामाचा गजर होतो, श्रोत्यांच्या कपाळी बुक्का लागतो, कीर्तनकाराच्या गळ्यात हार पडतो. मग उत्तररंगात आख्यान लागते. आख्यानात तोच राजा होतो, तोच सेवक, तोच माता आणि तोच बालक. उपरणे डोक्यावरून घेतले की तो स्त्री झाला, कमरेला बांधले की योद्धा झाला. श्लोक, आर्या, साकी, दिंडी, ओवी, कटाव असा वृत्तांचा आणि चालींचा मोठा साठा त्याला मुखोद्गत असावा लागतो. श्रोत्याने मात्र बहुतांशी ऐकावयाचे असते. गजराच्या वेळी आवाज मिसळला की त्याचे काम झाले.

वारकरी कीर्तनाची रचना वेगळी. येथे कीर्तनकाराच्या मागे टाळकऱ्यांची रांग उभी असते, बाजूला मृदंग असतो, गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी असतो. कीर्तनासाठी एकच अभंग घेतला जातो आणि आरंभापासून अखेरपर्यंत त्याचेच चिंतन चालते. कीर्तनकार एखादे प्रमाण उच्चारू लागला की अर्धा चरण त्याच्या तोंडून बाहेर पडतो न पडतो तोच मागचे टाळकरी तो उचलतात, चाल धरतात आणि समोरचे श्रोतेही म्हणू लागतात. कीर्तनकाराला क्षणभर उसंत मिळते आणि तेवढ्यात त्याला पुढचा विचार सुचतो. टाळकरी कच्चे असतील तर चांगल्या कीर्तनकाराचेही कीर्तन पडते आणि टाळकरी मुरलेले असतील तर नवख्याचेही तरून जाते, हा अनुभव सप्ताह करणाऱ्या प्रत्येक गावाला आहे. म्हणून पत्रिकेवर कीर्तनकाराचे नाव मोठ्या अक्षरांत छापले जात असले तरी ते कीर्तन त्याच्या एकट्याचे नसते. शेतातून थकून येऊन रात्री टाळ हाती घेणाऱ्या माणसांचेही ते असते.

दोन्हींत श्रेष्ठ कोणते, हा वाद व्यर्थ आहे. नारदीय कीर्तनाने गोष्ट सांगण्याची कला जोपासली, तर वारकरी कीर्तनाने सर्वांनी मिळून म्हणण्याची. एकाच्या अंगी नाटकाचे बीज अधिक आहे, दुसऱ्याच्या अंगी भजनाचे.

गोंधळ आणि भारूड

सोलापूरहून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर. आई भवानीचा गोंधळ या भागात घरोघरी घातला जातो. गोंधळातही एक मुख्य नाईक असतो. मागे संबळ आणि तुणतुणे वाजत असते, दिवटी पेटलेली असते. नाईक प्रथम गावोगावच्या देवदेवतांना गोंधळाला येण्याचे आवाहन करतो आणि मग कथा लावतो. पण येथे त्याच्या जोडीला एक साथीदार असतो. तो मध्येच शंका काढतो, भलतेच उत्तर देतो, हसू पिकवतो. श्रोत्यांच्या मनात जो प्रश्न असतो तो त्याच्या तोंडून येतो. कथा एकटाच सांगतो, परंतु ती संवादातून पुढे सरकते.

शेजारच्या तेलुगू मुलखातील बुर्रकथेतही हीच युक्ती आहे. मुख्य कथेकरी मध्ये उभा आणि दोन बाजूंना दोन साथीदार. एक विनोद करणारा, दुसरा चालू काळावर बोलणारा. विणकामासाठी त्या भागातून सोलापुरास येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील जुन्या मंडळींना ती ऐकून माहीत असते.

भारुडाची तऱ्हा आणखी निराळी. संत एकनाथ महाराजांनी (१५३३ ते १५९९) वासुदेव, जोशी, गोंधळी, कुडमुड्या, जोगी, सासुरवाशीण अशा नाना लोकांची सोंगे घेऊन परमार्थ सांगितला. भारुडकार ते सोंग अंगावर चढवतो. कीर्तनकार आख्यानात स्त्री झाला तरी श्रोत्याला समोर कीर्तनकारच दिसत असतो. भारुडात तसे नाही. लुगडे नेसून, कपाळी मळवट भरून तो आला म्हणजे आधी सोंग दिसते, त्यावर हसू येते आणि हसता हसता अर्थ मनात उतरतो. पैठणच्या विद्वान ब्राह्मणाने गावकुसाबाहेरच्या माणसाच्या तोंडून बोलावे आणि ते बोलणे देवळाच्या अंगणात व्हावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पूर्वी भारुडातील स्त्रीसोंग पुरुषच घेत. आपल्याच पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांनी भारूड सादर करून या क्षेत्रात नाव मिळवले आहे.

कवी राम जोशी : फड आणि कीर्तन

या दोन वाटा, म्हणजे देवळातील कीर्तन आणि देवळाबाहेरचा तमाशाचा फड, एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या. तो माणूस सोलापूरचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निवर्तलेले शाहीर राम जोशी हे वेदशास्त्रसंपन्न घराण्यातले. वडीलबंधू मुद्गलभट हे पुराणिक. रामभाऊंना मात्र लहानपणापासून तमाशाच्या फडाचा नाद. धोंडी शाहिराच्या फडात ते जाऊन बसत, त्यास लावण्या रचून देत. हे कळल्यावर थोरल्या भावाने त्यांना घराबाहेर काढले असे सांगतात. तेथून ते पंढरपुरास गेले, संस्कृत शिकले आणि विद्वान होऊन परतले. त्यांनी संस्कृतात चंपूकाव्यही लिहिले. परंतु ज्या फडापायी घर सुटले तो फड काही सुटला नाही.

फडात शाहीर उभा राहतो तो डफावर थाप मारून. तुणतुण्याची तार लागलेली असते आणि पाठीमागे सुरतिये झील धरतात. शाहिराची ओळ संपते तेथे त्यांचा लांब सूर सुरू होतो. त्याच्या आधाराने शाहीर पुन्हा उंच जातो. रचना नेमकी, शब्दांची फेक दमदार आणि समोरचा श्रोता खुला. आवडले तर तो उठून दाद देईल, नावडले तर तसेही कळवील. सवाल-जवाबात हार झाली तर डफ खाली ठेवावा लागे. कीर्तनकाराला नारदाच्या गादीचे संरक्षण होते, शाहिराला ते नव्हते. त्याने आपला मान रोजच्या रोज मिळवावयाचा.

उत्तरायुष्यात राम जोशी कीर्तनाकडे वळले. बारामतीचे कविवर्य मोरोपंत (१७२९ ते १७९४) यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. पंतांच्या आर्या विद्वानांच्या होत्या, अर्थ लावावयास कठीण. राम जोश्यांनी त्या कीर्तनात गाऊन लोकांच्या तोंडी केल्या. फडात कमावलेली शब्दफेक आणि लयीची पकड त्यांनी कीर्तनात आणली. पंढरपुरी मिळवलेले संस्कृत तर आधीपासूनच त्यांच्या लावणीत उतरले होते. ज्या माणसाला फडावर जातो म्हणून घर सोडावे लागले, त्याच्याच मुखाने पंतांची वाणी देवळांतून घुमली. देऊळ आणि फड यांमधील भिंत समाजाने उभी केली होती. विद्या तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती, हे या सोलापूरकराने दाखवून दिले. १९४७ साली त्यांच्या जीवनावर 'लोकशाहीर राम जोशी' हा बोलपट निघाला. बाबूराव पेंटर व व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला आणि जयराम शिलेदार यांनी राम जोश्यांची भूमिका केली.

शाहीर अमर शेख : बार्शीचा पहाडी आवाज

पोवाड्याची परंपरा त्याहून जुनी. १६५९ साली अफझलखानाचा वध झाला. त्या प्रसंगावरील अज्ञानदासाचा पोवाडा हा शिवकालीन पोवाड्यांत फार महत्त्वाचा मानला जातो. पोवाड्यात शाहीर सोंग घेत नाही आणि निरूपणही करीत नाही. तो घडलेली गोष्ट अशी सांगतो की ऐकणाऱ्याला ती डोळ्यांसमोर घडताना दिसावी. म्हणून त्याला वेग लागतो. मध्येच गद्य, मध्येच पद्य आणि कडवे संपताच मागून झीलकऱ्यांचे 'जी जी'. या दोन अक्षरांत अवघ्या सभेची संमती असते.

या परंपरेतले आपल्या जिल्ह्याचे थोर नाव म्हणजे शाहीर अमर शेख. बार्शी येथे १९१६ साली एका गरीब मुसलमान कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मेहबूब. आईच्या तोंडच्या ओव्या आणि गाणी ऐकत ते वाढले. मोटारगाडीवर क्लीनर, पुढे गिरणीत कामगार अशी कामे त्यांनी केली, कामगारांच्या लढ्यात भाग घेतला आणि तुरुंगवासही भोगला. १९४४ च्या सुमारास अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या तिघांनी महाराष्ट्र पिंजून काढला. हजारोंच्या सभेत अमर शेख उभे राहिले की त्यांचा पहाडी आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले त्यामागे पुढाऱ्यांची भाषणे जशी होती तसे शाहिरांचे डफही होते. १९६९ साली अपघातात त्यांचे निधन झाले. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह.

राम जोशी आणि अमर शेख यांच्यामध्ये सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे. एक वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणाचा मुलगा, दुसरा कष्टकरी मुसलमानाचा. दोघांनी हाती घेतला तो डफच. डफाला जात विचारण्याची सवय नाही.

बैठक आणि एकपात्री

शहरी रसिकांना परिचित असलेले आणखी दोन प्रकार येथे पाहिले पाहिजेत. बैठकीचा गवई बसून गातो. मागे दोन तानपुरे, बाजूस तबला आणि पेटी. त्याच्याजवळ शब्द थोडे असतात. दोन ओळींची चीज तो तासभर आळवतो. येथे गोष्ट नाही, सोंग नाही, उपदेश नाही. सुरानेच सारे सांगावयाचे. पंडित भीमसेन जोशी (१९२२ ते २०११) यांनी 'संतवाणी' या कार्यक्रमातून संतांचे अभंग बैठकीच्या अंगाने गायिले आणि ते घरोघरी गेले. तोच अभंग कीर्तनकार घेतो तेव्हा श्रोता विचारतो, याचा अर्थ काय? पंडितजी घेतात तेव्हा अर्थ विचारण्याची आठवण राहत नाही. कीर्तनकार अभंगाचा चरण थांबवून फोड करतो, गवई तोच चरण फिरवून फिरवून रंगवतो. एकाने अभंग समजतो, दुसऱ्याने तो मनात घर करतो. दोन्हींची गरज आहे.

रंगभूमीवरील एकपात्री प्रयोग हा मात्र खरोखरीच एकट्याचा. पु. ल. देशपांडे (१९१९ ते २०००) यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आणली आणि एकट्याने सारी चाळ उभी केली. औरंगाबादचे प्रा. लक्ष्मण देशपांडे (१९४३ ते २००९) यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात ५२ पात्रे एकट्याने रंगवली. मराठवाड्यातील खेड्याची बोली आणि खेड्यातील माणसे त्यांनी नाट्यगृहात नेली आणि पुढे परदेशातही नेली. येथे मागे टाळकरी नाहीत, झीलकरी नाहीत, शंका काढणारा साथीदार नाही. वेशही बदलावयाचा नाही. आवाज, चेहरा आणि चाल यांच्या बळावर पात्रे उभी करावयाची. समोरचा श्रोता अंधारात बसलेला असतो. त्याचा चेहरा नटाला दिसत नाही, फक्त हसणे ऐकू येते.

असे असले तरी हा प्रकार आकाशातून पडलेला नाही. एकाच माणसाने सासू, सून, म्हातारा आणि पोर होऊन दाखवणे हे नारदीय कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. दारोदार येणारा बहुरूपीही तेच करीत होता. 'वऱ्हाड' पाहताना खेड्यातील माणसाला परके वाटत नाही, याचे कारण आख्यान ऐकण्याचा संस्कार त्याच्या कानावर लहानपणापासून झालेला असतो. फरक इतकाच की कीर्तनकार गोष्ट संपवून देवाकडे वळतो आणि आरती होते. एकपात्री नट वाकून नमस्कार करतो आणि पडदा पडतो. कीर्तनाहून उठणाऱ्याच्या कपाळी बुक्का असतो, नाट्यगृहातून उठणाऱ्याच्या ओठी हसू. दोन्ही गोष्टी माणूस घरी घेऊन जातो.

उंबरठ्याचा प्रश्न

आता आरंभी सोडलेला धागा पुन्हा हाती घेतला पाहिजे. एकट्याची ही सारी कला ऐकणाऱ्यावर उभी आहे. मग ऐकावयास बसण्याचा अधिकार कोणाला होता? लावणीचा फड देवळाच्या मंडपाबाहेर आणि चोखोबांची माणसे उंबरठ्याबाहेर, असे शेकडो वर्षे चालले.

श्री गाडगे महाराजांनी (१८७६ ते १९५६) यावर आपल्या परीने तोड काढली. ते मंडपात गेलेच नाहीत. गावात आले की हाती खराटा घेऊन दिवसभर रस्ते झाडावयाचे आणि रात्री मोकळ्या जागी कीर्तन करावयाचे. त्यांच्या कीर्तनाला ना पूर्वरंग ना उत्तररंग. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि श्रोते उत्तरे देत. कर्ज काढून सण करावा का? देवापुढे बोकड मारावा का? मुलाला शाळेत घालावे की नाही? उत्तर लोकांच्याच तोंडून आल्यामुळे ते लोकांना बांधून घेई. वारकरी कीर्तनातील टाळकऱ्यांची जागा येथे सगळ्या सभेने घेतली होती. पंढरपुरास त्यांनी चोखामेळ्यांच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणकार्यास दिली. मात्र स्वतः ते देवळात दर्शनासाठी जात नसत.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. त्याआधी महाराष्ट्रभर दौरा काढून त्यांनी गावोगावची मंदिरे आणि विहिरी सर्वांसाठी खुल्या करण्याचे आवाहन केले होते. दहा दिवसांनंतर, १० मे रोजी, श्रीविठ्ठलाचे मंदिर हरिजनांसाठी खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले. चोखोबांच्या अंतानंतर सहाशे वर्षांनी त्यांच्या लोकांना तो उंबरठा ओलांडता आला. ज्या अभंगांचा अर्थ कीर्तनकार मंडपात सांगत आले होते, ते ज्यांच्या वेदनेतून निघाले त्यांच्या वंशजांना ते मंडपात बसून ऐकण्याचा अधिकार मिळाला.

नव्या मंडपाचे ऋण

जीर्णोद्धार झालेल्या देवळाच्या इतिहासात हे सर्व सांगण्याचे कारण असे की, दगड, वाळू, सिमेंट आणि रंग यांचा हिशेब अहवालात येतो. ऐकणाऱ्यांचा हिशेब कोठेच येत नाही. आज कीर्तन, भारूड, पोवाडा, एकपात्री हे सर्व भ्रमणध्वनीवर हवे तेव्हा ऐकता येते. उत्तमोत्तम कीर्तनकार घरबसल्या ऐकावयास मिळतात, ही मोठीच सोय झाली आहे. आजारी माणसाला, दूर शहरी नोकरीस असलेल्या मुलाला, परदेशी गेलेल्या लेकीला तिचा फार आधार आहे. परंतु पूर्वी सांगणारा एकटा होता आणि ऐकणारे अनेक होते; आता ऐकणाराही एकटा झाला आहे. अर्धा चरण ऐकून उरलेला उचलण्यासाठी शेजारी कोणी नसते. 'जी जी' म्हणावयास कोणी नसते. गाडगेबाबांनी विचारलेल्या प्रश्नाला चारचौघांदेखत उत्तर द्यावे लागे आणि दिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी पाळावे लागे. एकट्याने ऐकलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणी मागत नाही.

कोणत्याही गावात टाळकऱ्यांची जुनी फळी थकत चालली की तिची जागा आपोआप भरली जात नाही. चाल पुस्तकात बघून येत नाही. ती मागे उभे राहून, वडीलधाऱ्यांच्या टाळाकडे पाहून, दहा वेळा चुकून येते. पोराने चुकावे आणि कोणी रागावू नये, अशी जागा गावात एकच असते. ती म्हणजे देवळाचा मंडप. सप्ताहाच्या सात रात्री मोठ्या कीर्तनकारांना दिल्या, तरी वर्षातली एखादी एकादशी गावच्या मुलामुलींना द्यावी. एखाद्या उत्सवात भारूड व्हावे, एखाद्या रात्री शाहिराचा डफ वाजावा, शाळेतल्या मुलाने एकपात्री करून दाखवावे. राम जोश्यांच्या जिल्ह्यात देवळाने डफाला परके मानण्याचे कारण नाही. अमर शेखांच्या जिल्ह्यात कोण गातो हे विचारून मग ऐकण्याचेही कारण नाही.

ज्या देणगीदारांनी या कामास हातभार लावला, कोणी रोख रक्कम दिली, कोणी ट्रॅक्टरने वाळू वाहिली, कोणी सुतारकाम केले, कोणी कामावरील गवंड्यांना भाकरी पोहोचवली, त्या सर्वांनी खरे म्हणजे एक बैठकीची जागा बांधली आहे. त्या जागी एक माणूस उभा राहील आणि गाव त्याच्यासमोर बसेल. जो तो आपापल्या परीने येईल: कोणी दमून, कोणी दुःखात, कोणी नवस फेडावयास, कोणी नुसता गारव्याला. सर्वांना बसण्यापुरती जागा असावी आणि सर्वांना ती आपलीच वाटावी.

वाळवंटातील पहिल्या कीर्तनाला भिंत नव्हती. मंडपाला भिंती असतात. ऊन-पावसासाठी त्या लागतात. त्या भिंतींनी पाऊस बाहेर ठेवावा, माणूस बाहेर ठेवू नये, एवढेच श्रीचरणी मागणे.